राजाराम बंधाऱ्याचा आकडा आणि आपल्या उंबऱ्याचा

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळच्या चहाआधी मोबाईलवर एक मेसेज वाचला जातो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इतके फूट इतके इंच, इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, इतके बंधारे पाण्याखाली. मग तो भाच्याला, मुंबईच्या मेव्हण्याला आणि तालमीच्या ग्रुपला पुढे जातो. ३९ आणि ४३ हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण "तुमच्या घराचा आकडा किती?" असं विचारलं, तर नदीकाठी आयुष्य काढलेली माणसंही गडबडतात. "दोन हजार एकोणीसला इथवर आलं होतं," म्हणून भिंतीकडे हात करतात आणि विषय तिथंच संपतो.

घराची पूरतयारी म्हटलं की बॅटरी, बिस्किटं, मेणबत्त्या अशी यादी डोळ्यांपुढे येते. यादी लागतेच, तिच्याकडे येऊ. पण पंचगंगेचा पूर ढगफुटीसारखा अंगावर येत नाही. तो आधी सांगून, इंचाइंचाने चढत येतो. तरीही दर वेळी माणसं अडकतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरात बॅटरी, बिस्किटं सगळं असतं. नसतं ते एवढंच, की कुठल्या आकड्याला काय करायचं हे उन्हाळ्यातच ठरवून ठेवलेलं नसतं.

नदी चढते कशी, आणि उतरत का नाही

पंचगंगा हे पश्चिमेकडच्या डोंगरांचं पाणी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती (आणि श्रद्धेतली गुप्त सरस्वती) यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि तिथून पुढे ती पंचगंगा होते. शहरात पडतो त्याच्या कित्येक पट पाऊस गगनबावड्यात पडतो. त्यामुळे कोल्हापुरात उघडीप आहे, रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या लागल्यात, आणि नदी मात्र तासाला दोन-तीन इंचांनी वर येतेय, असं अनेकदा होतं. खिडकीतून आभाळ बघून पुराचा अंदाज बांधणाऱ्याची इथंच फसगत होते. बघायचं ते गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा तालुक्यांतल्या पावसाचे आकडे.

राधानगरी धरणाबद्दल दर वर्षी एकच प्रश्न तावातावाने विचारला जातो, "दरवाजे कुणी उघडले?" कुणीच नाही. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की दाबाने ते आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे एक दरवाजा उघडला की सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर. हे पाणी भोगावतीतून शहरापर्यंत यायला काही तास घेतं. दरवाजा उघडल्याची बातमी ऐकून घाबरायचं कारण नाही, पण त्या दिवशीची संध्याकाळची कामं दुपारी उरकायला ती पुरेशी आहे.

उलट काळम्मावाडीतून विसर्ग सुरू झाला म्हणून शुक्रवार पेठेत धावपळ करण्यात अर्थ नाही. ते धरण दूधगंगेवर आहे आणि दूधगंगा पंचगंगेला मिळतच नाही, ती खाली जाऊन थेट कृष्णेला मिळते. कागलकडच्या नदीकाठाला त्या विसर्गाची चिंता, शहराला नाही. कुठलं धरण आपल्या नदीवर आहे एवढं माहीत असलं तरी निम्म्या अफवा दारातच गळतात.

आता पाणी उतरत का नाही ते. कोल्हापूर सोडलं की उतार कमी होतो. नदी वळणं घेत इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. तिकडे कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन कृष्णाही फुगलेली असेल, तर पंचगंगेला पुढे जायला जागाच राहत नाही. नवरात्रात महाद्वार रोडवर पुढची रांग थांबली की मागची गर्दी भवानी मंडपापर्यंत तुंबते, तसं पाणी मागे मागे तुंबत येतं. यालाच फुगवटा म्हणतात. म्हणून डोंगरात पाऊस थांबला तरी गल्लीतलं पाणी हलत नाही. तेव्हा तयारी करायची ती एका रात्रीची नाही, आठवड्याची.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद इथं मुद्दाम टाळतोय. समित्या झाल्या, अहवाल आले, दोन राज्यं भांडतायत, भांडोत. पाणी कुणामुळे आलं हे ठरलं तरी माळ्यावर काय चढवायचं ते बदलत नाही.

शिरोळ तालुक्यातल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. तुमच्याकडे कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा या सगळ्यांचं पाणी येतं. नुसत्या राजाराम बंधाऱ्याच्या मेसेजवर विसंबून चालत नाही, सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडाही रोज बघावा लागतो. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५.

उंबऱ्याचा आकडा काढायचा कसा

यासाठी इंजिनीअर लागत नाही. गवंड्याकडे असते ती लेव्हलची नळी लागते, म्हणजे आठ-दहा मीटरची पारदर्शक प्लास्टिकची नळी. नळीत पाणी भरलं की तिची दोन टोकं कुठंही धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. फरशी बसवताना गवंडी हेच करतो.

आधी पुराच्या पाण्याची खूण शोधायची. २०१९ आणि २०२१ च्या खुणा अजून कितीतरी भिंतींवर आहेत. कुठं रंगाने ओढलेली रेघ आहे, कुठं पोपडे निघालेल्या गिलाव्याचा पट्टा, कुठं दुकानाच्या शटरवर गंजाची ओळ. तुमच्या भिंतीवर नसेल तर शेजाऱ्याच्या भिंतीवर असेल. नळीचं एक टोक त्या खुणेपाशी, दुसरं तुमच्या दारात. नळीतल्या पाण्यात थोडी नीळ टाका, रेघ स्पष्ट दिसते. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, राहिला की माप चुकतं. एकाने तिकडचं पाणी बरोबर खुणेवर आणायचं आणि "हं, घे!" म्हणून हाक मारायची, दुसऱ्याने इकडे चौकटीवर पेन्सिलने रेघ मारायची. मग उंबऱ्यापासून त्या रेघेपर्यंत टेपने मोजायचं.

समजा रेघ उंबऱ्याच्या साडेचार फूट वर आली आणि खूण २०२१ ची आहे. त्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेलं होतं. ५६ मधून साडेचार वजा केले की साडेएक्कावन्न. बंधाऱ्यावर साडेएक्कावन्न फूट झालं की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागणार, असा याचा ढोबळ अर्थ. ढोबळ अशासाठी, की नदीचं पाणी सगळीकडे तंतोतंत सपाट नसतं, आणि मधल्या काळात कुठं भराव पडलेला असतो, कुठं नाला बुजवलेला असतो. म्हणून एक फूट हाताशी ठेवायचा आणि आपला आकडा साडेपन्नास धरायचा.

पण हा आकडा अजून अपुरा आहे, कारण पाणी नेहमी पुढच्या दारातून येत नाही. जयंती नाला, दुधाळी नाला हे नदीला मिळतात. नदी वर चढली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि गटारातून, चेंबरमधून, मोरीतून वर येतं. पुढच्या दाराला वाळूची पोती लावून घरातले राखण करत बसतात आणि मागे न्हाणीघरात बुडबुड सुरू होते. तळमजल्याची मोरी आणि संडासाचं भांडं उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे तेही मोजा. दोन जाड पिशव्यांत वाळू भरून तोंड घट्ट बांधून ठेवा. वेळ आली की एक मोरीच्या जाळीवर, एक भांड्यात दाबून बसवायची. पाणी थांबेलच असं नाही, पण घरभर मैला पसरायचा बऱ्याच अंशी वाचतो.

तिसरा आकडा रस्त्याचा, आणि खरा निर्णय त्याच्यावर घ्यायचा. घराचा आकडा साडेपन्नास असेल, पण गल्लीच्या तोंडाशी रस्ता तीन फूट खाली असेल, तर साडेसत्तेचाळीसला तुम्ही कोरड्या घरात अडकलात. घरातून निवाऱ्याच्या ठिकाणापर्यंतच्या वाटेवर सगळ्यात सखल जागा कुठली ते आताच चालून बघा. व्हीनस कॉर्नरला पाणी येतं हे आपल्याला माहीत असतं, पण आपल्याच मागच्या बोळात पाणी आधी कुठं साचतं ते माहीत नसतं. खेड्यांत तर हे अजून आधी होतं. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखले जातात, आणि त्यांच्यावरूनच वाहतूक चालते. पावसाळ्यात सगळ्यात आधी पाण्याखाली जातात ते हेच. गावाला पाणी लागायच्या कितीतरी आधी गावाची वाट गेलेली असते.

ज्यांना घर घ्यायचंय त्यांच्यासाठी दोन ओळी. नकाशावरची निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा येऊन गेला की ९९ वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. निळ्या रेषेवर ती दर वर्षी शंभरात चार होते, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. २०१९ आणि २०२१ चे पूर दोन वर्षांच्या अंतराने आले, आणि दुसरा पहिल्यापेक्षा थोडा वरच गेला. बिल्डर हा हिशोब सांगणार नाही.

कुठल्या आकड्याला काय

हे तीन आकडे कागदावर लिहून फ्रीजवर किंवा देवघराशेजारी चिकटवा आणि प्रत्येकापुढे काम लिहा. तासाला ३ इंच धरले तर ३९ वरून ४३ ला जायला १६ तास लागतात. कामाचा वेळ तोच.

इशारा पातळी आली की घरातली सगळ्यात नाजूक माणसं हलवायची. नववा महिना लागलेली लेक, डायलिसिसवर असलेले काका, अंथरुणाला खिळलेली आजी. घरात अजून थेंब नाही आणि आजीला उचलून पाहुण्यांकडे न्यायचं, हे लोकांना अवघड वाटतं. पण छातीभर पाण्यातून खाट उचलून नेणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. ३९ लाच गाड्या उंचावर लावायच्या, मोबाईल आणि पॉवर बँक चार्ज करायच्या, पिण्याचं पाणी भरायचं, एटीएममधून थोडी रोकड काढायची. वीज गेली की फोनवरून पैसे देणं बंद पडतं, आणि अशा वेळी भाजीवाली सुट्ट्या नोटाच मागते.

४३ झालं की सामान वर. क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग औषधं, मग धान्य, मग अंथरूण-पांघरूण, शेवटी टीव्ही. बहुतेक घरांत उलटं होतं, कारण टीव्ही डोळ्यांपुढे असतो आणि सातबारा कपाटात. लाकडी कपाट पाण्याने फुगलं की दारं उघडत नाहीत, आतलं आतच कुजतं. रिकामा फ्रीज तरंगतो आणि आडवा होतो, त्यामुळे तो टेबलावर चढवला तरी खिडकीच्या गजाला बांधा. इन्व्हर्टरची बॅटरी कोण उचलणार हे आधी ठरवा, ते एकट्याचं काम नाही.

गॅसच्या सिलिंडरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथं भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. रिकामं सिलिंडर तरंगतं हे सगळ्यांना पटतं. पण घरगुती सिलिंडर भरलेलं असलं तरी तरंगतं. गॅससकट त्याचं वजन साधारण तीस किलो, आणि ते बाजूला सारतं ते पाणी त्याहून जास्त वजनाचं. मग ते घरभर आपटत फिरतं, आणि रेग्युलेटर लावलेला असेल तर नळी ओढली जाते. म्हणून शेगडी बंद, रेग्युलेटर काढा, सुरक्षा टोपी लावा, आणि सिलिंडर उभंच ठेवून सुंभाने गजाला आवळून बांधा. विजेचा मेन स्विच पाणी घरात शिरायच्या आधी, कोरड्या जमिनीवर उभं राहून बंद करायचा. पाय पाण्यात असताना बोर्डाला हात लावायचा नाही, मग आत काहीही चालू राहिलेलं असो.

रस्त्याच्या आकड्याच्या दोन फूट आधी घर सोडायचं, दिवसाउजेडी. तासाला ३ इंचांनी दोन फूट म्हणजे आठ तास. रात्र लागणार असेल तर तीन फूट धरा. इथं घरोघरी एकच संवाद होतो.

"आण्णा, चला की आता. कोपऱ्यावर पाणी आलंय."

"बस की रं. पाचला बी एवढंच आलतं. पायरीला लागून माघारी गेलं."

२००५ च्या पुराने माणसांच्या डोक्यात एक रेघ मारून ठेवली होती. २०१९ ला पाणी ती ओलांडून गेलं आणि "पाचला इथवर" म्हणणाऱ्यांना गच्चीवरून काढावं लागलं. आण्णांशी त्या वेळी वाद घालून उपयोग नसतो. मे महिन्यात नळी घेऊन मोजायला त्यांनाच बरोबर घ्या, रेघ त्यांच्याच हाताने मारून घ्या. स्वतः काढलेला आकडा माणूस सहसा मोडत नाही. नृसिंहवाडीत पाणी देवळात शिरू लागलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. तिथं कुणी चर्चा करत बसत नाही, पाणी आलं की देव वर. जे देवाला चालतं ते आजोबांना चालायला हरकत नसावी.

बोट येईल, हा विचारही मनातून काढा. बोटी येतात, एनडीआरएफचे जवान येतात, तालमीची पोरं स्वतःच्या जिवावर पोहत येतात. पण ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि त्यात बायका-मुलांसकट अनेक जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बोटीत बसायची वेळ आलीच तर मुलांना आधी, सामान मागे, आणि बोट भरली असेल तर पुढच्या खेपेची वाट बघायची. अंगावर बांधायला दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले पाच लिटरचे कॅन जवळ असू द्या.

जनावरं

ज्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत त्यांचं घर सोडणं वेगळं असतं. म्हशीसाठी माणूस मागे राहतो हे खरं आहे, आणि त्याला वेडा म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या घराचा पगार ती म्हैस आहे. म्हणून जनावरांचा आकडा माणसांच्या आकड्याच्याही आधीचा हवा. अंधारात, वाहत्या पाण्यात म्हैस पाऊल उचलत नाही, आणि ऐन पुरात टेम्पो मिळत नाही. उंचावरचा गोठा, माळावरची शाळा, पाहुण्यांची वस्ती, जे काही असेल ते आधी बोलून ठेवा. वैरण तिथं आधी पोचवा. प्रत्येक जनावराचा कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढून ठेवा, भरपाईच्या वेळी तोच उपयोगी पडतो. आणि काहीच जमलं नाही, निघावंच लागलं, तर दावं सोडून जा. मोकळं जनावर पोहून उंचवटा गाठतं. दाव्याला बांधलेलं जागेवर मरतं.

ज्यांच्या घरी पाणी येत नाही त्यांनी

राजारामपुरीत, मंगळवार पेठेच्या उंच भागात राहणारे म्हणतात, आमच्याकडे कुठं येतंय पाणी. घरात येत नाही, बरोबर. पण २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचं बेट झालं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, दूध मिळेना, भाजी मिळेना. नदीकाठची पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी गंमत झाली. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

तेव्हा उंचावरच्या घरालाही आठवड्याची तयारी लागते. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ४ लिटर धरा. पाच माणसांच्या घराला सात दिवसांचे १४० लिटर, म्हणजे २० लिटरचे सात जार. गच्चीवरची टाकी भरलेली असतेच, पण वीज आणि नळ दोन्ही गेले की घरातले पहिल्याच दिवशी ती धुण्यावर संपवतात. तिचा नळ घरातल्या कडक माणसाच्या ताब्यात द्या. वापरायला पागोळ्याचं पाणी धरा, त्या दिवसांत तेवढं एक तरी भरपूर असतं.

खाण्याचं फार डोकं लावू नका. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, भडंग, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आपल्या आज्यांनी हे शोध कधीच लावून ठेवलेत. तान्ह्या बाळाचं आणि मधुमेह्याचं तेवढं वेगळं बघा. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्तीच्या ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवा, दुसऱ्या गावचा औषधवाला चिठ्ठीशिवाय देत नाही. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते कसं आणि किती दिवस ठेवायचं हे आपल्या डॉक्टरांना आताच विचारा.

कागदांची पिशवी एकच, आणि ती कुठं आहे हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत हवं. आधार, रेशन कार्ड, सातबारा, घरफाळ्याची पावती, पासबुक, विमा, दाखले, दवाखान्याची फाईल. जाड प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड दुमडून मेणबत्तीच्या आचेवर चिकटवलं की पाणी आत जात नाही. सगळ्याचे फोटो काढून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. फोन कुणाला करायचा तेही त्याच पिशवीवर मोठ्या अक्षरात. ११२ आपत्कालीन मदतीला, १०८ रुग्णवाहिकेला, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक बाहेरगावचा नातेवाईक ठरवा. ताटातूट झाली की ज्याने त्याने त्यालाच कळवायचं. गावातले फोन एकमेकांना लागत नसतानाही बाहेरगावी बऱ्याचदा लागतो.

पूर सोडून बाकीचं

डोंगरपायथ्याच्या वाड्यांना पुरापेक्षा दरडीची भीती जास्त. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही घटना जुलैमधल्या. दरड पुरासारखी आकडा सांगून येत नाही, पण खुणा देते. डोंगराला नवी भेग पडते, विजेचे खांब आणि झाडं कलतात, दारं चौकटीत अडकायला लागतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा भर पावसात आटतं. यातलं काहीही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल, तर त्या रात्री तिथं झोपायचं नाही.

भूकंपाचं थोडक्यात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का जुन्या माणसांना अजून आठवतो, आणि लहान धक्के तिकडून अधूनमधून येतच असतात. जुन्या दगडी वाड्यात राहत असाल तर माळ्यावरची जड पितळी भांडी झोपायच्या जागेवरून हलवा, कपाट भिंतीला अँगल मारून बांधा. पुरासाठी सगळं वर चढवायचं आणि भूकंपासाठी खाली उतरवायचं, हा पेच खरा आहे. त्यातून वाट एवढीच, की माळा पावसाळ्यापुरता वापरायचा आणि त्याच्याखाली कुणाचं अंथरूण टाकायचं नाही.

वळवाच्या विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलवर घ्या. शेतात असाल आणि वीज कडाडायला लागली तर झाडाखाली थांबू नका.

परत आल्यावर

पाणी उतरल्यावर घाईने आत शिरायचं नाही. आधी दिवसाउजेडी बाहेरून भिंती बघा. मातीत बांधलेल्या जुन्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरून वाळायला लागल्यावर बसतात. मग काठी आपटत आत. साप उबदार, कोरडी जागा शोधत असतो. गाद्यांच्या घड्या, बूट, चुलीचा कोनाडा, मीटरची पेटी. चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक हे काही नाही. तो अवयव हलू न देता सरळ कोल्हापूरचा सीपीआर दवाखाना किंवा जवळचं सरकारी रुग्णालय.

चिखल ओला असतानाच काढा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. पण काढायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत तुमचं घर तुम्हीच धुऊन स्वच्छ केलेलं असतं, आणि मग नुकसान दाखवायला काही उरत नाही. चिखलात उतरताना गमबूट हवेत. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, आणि तो पायाच्या साध्या भेगेतून शिरतो. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. जमिनीतल्या टाकीचं पाणी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून मगच भरा, आणि काही दिवस पिण्याचं पाणी उकळूनच.

वायरमनने बोर्ड उघडून वाळवल्याशिवाय मेन स्विच लावू नका. आणि गाडी. पाण्यात बुडालेल्या गाडीला "चालू होतेय का बघू" म्हणून कधीही स्टार्टर मारू नका. आत पाणी असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. विमा कंपनीही मग म्हणते, की बुडाल्याचं नुकसान पुराचं, इंजिन मोडल्याचं तुमचं. गाडी तशीच ढकलत किंवा उचलून गॅरेजला न्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचे पैसे मिळतच नाहीत, तेव्हा पॉलिसी आजच काढून वाचा.